फाटक्या गळ्याची ओळ

त्या अल्बमचं नाव सांगून उपयोग नाही. अकोल्यात किंवा अमरावतीत तो ऐकणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही. प्रकाराला सिंफनिक ब्लॅक मेटल म्हणतात. व्हायोलिनं आणि तुताऱ्यांचा मोठा ताफा, त्याखाली घोंघावणाऱ्या गिटारी, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा ड्रम, आणि या सगळ्यावर फाटक्या घशाने ओरडणारा एक माणूस. गाणी नऊ, आणि नऊही मरणावर. कुणाचं सांत्वन करायची त्याला जराही घाई नाही. मला तेच आवडतं. गोड आवाजात धीर देणाऱ्यांचा मला लहानपणापासून वैताग आहे.

पहिल्यांदा नुसता गोंगाट ऐकू येतो. दहाव्या वेळी कळतं की ड्रम जिवाच्या आकांताने पळतोय आणि व्हायोलिनं मात्र सावकाश चालली आहेत. विसाव्या वेळी शब्द सुटे होतात. चौथ्या गाण्यात एका जागी सगळी वाद्यं थांबतात आणि तो माणूस एकटाच एक ओळ फेकतो. मग मागच्या कोरसमधली पन्नास-साठ माणसं तीच ओळ उचलतात. ती धुऊनपुसून स्वच्छ करत नाहीत, आहे तशी वर नेतात. अकरा वर्षं ऐकतोय, तरी त्या जागी अंगावर काटा येतो.

माझे वडील अमरावतीत भजनं गायचे. सकाळी भाजीबाजारात हर्रासाला उभं राहून लिलावाची बोली पुकारायची, संध्याकाळी खंजिरी घेऊन मंडळात बसायचं, दोन्हीकडे एकच खणखणीत गळा. माझ्या गाण्यांबद्दल त्यांचं मत एका वाक्यात संपलं होतं. "कोणाले कापून राहिले काय?"

तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. व्हायचं ते झालं. घशात गाठ निघाली, ऑपरेशनमध्ये स्वरयंत्राचा बराच भाग गेला, आणि उरला तो खरवडल्यासारखा आवाज. त्याची त्यांना इतकी लाज वाटायची की ते बोलणंच टाळू लागले. माझ्या मुलीची जुनी पाटी घेतली आणि त्यावर लिहायचे. पुढे शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला ते अकोल्याला आले, जुन्या शहरात माझ्याकडे दीड महिना राहिले.

एका दुपारी दवाखान्यातून आल्यावर मी सवयीने तो अल्बम लावला. त्यांनी पाटीवर लिहिलं, "याले बी दवाखान्यात दाखवा."

"त्याचा घसा चांगला आहे, बाबा. मुद्दाम असा गाते तो."

"मुद्दाम?" हे त्यांनी लिहिलं नाही, बोलले. किती दिवसांनी बोलले. मी चौथं गाणं लावलं. ते डोळे मिटून ऐकत होते, बोटं खाटेच्या दांडीवर चालत होती. गाणं संपल्यावर लिहिलं, "ड्रमवाला पळून राहिला, बाकीचे चालून राहिले. तरी समेवर एक होते." मी इतक्या वर्षांत जे नीट सांगू शकलो नव्हतो, ते त्यांनी एका ऐकण्यात सांगितलं. मग विचारलं, "आन् याची ओळ मागचे उचलते?"

"दरवेळी," मी म्हणालो. आणि शहाणपणा करून पुढे बोललो, "तुमी बी म्हणून पाहा."

त्या दिवसापासून संध्याकाळी कामावरून येताना मला जिन्यातच त्यांचा आवाज ऐकू यायचा. भजनाची एकच ओळ, पुन्हा पुन्हा. मी वर पोचलो की थांबायचे, पण चेहऱ्यावर तरतरी असायची. मी खूश होतो. आपण बापाला काहीतरी दिलं, असं मला वाटत होतं.

शेक संपला आणि आम्ही अमरावतीला गेलो. गुरुवारी मंडळात त्यांनी खंजिरी घेतली. आता हे नुसती साथ करणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. भजनात एक नियम असतो, तो मला त्यांनीच शिकवलेला. कोणीही ओळ टाकू दे, सुरात असो की बेसूर, मागच्यांनी ती उचलायची, खाली पडू द्यायची नाही. दुसऱ्या भजनाला बाबांनी मान वर केली आणि ओळ टाकली.

आवाज भयंकर होता. पुढे बसलेली दोन पोरं आधी दचकली, मग हसली. पेटी वाजत राहिली. मागे आम्ही दहा-बारा जण होतो, त्यातल्या एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. मग बाबांच्या शेजारी बसलेल्या एका काकांनी तीच ओळ आपल्या स्वच्छ गळ्याने पुन्हा म्हटली, आणि ती मात्र सगळ्यांनी उचलली. मंडळाला वाटलं, आपण माणसाला सांभाळून घेतलं.

मीही काकांचीच ओळ उचलली. मला लाज वाटली होती. परक्या देशातल्या माणसाच्या फाटक्या गळ्यावर जीव टाकणारा मी, चार ओळखीच्या माणसांत बापाच्या गळ्याला लाजलो.

बाबांनी शेवटपर्यंत खंजिरी वाजवली, एक ठोका चुकला नाही. घरी येऊन जेवले. मग पाटी माझ्यापुढे धरली. "बाकीच्याईचं सोड. तू काहून नाही उचलली?"

"आयकू नाही आली मले, बाबा," मी म्हणालो.

त्यांना ते पटलं. आपला आवाज आता पोचतच नाही, असं त्यांनी मान हलवून मान्य केलं. त्यानंतर ते चार महिने जगले, आणि त्या चार महिन्यांत त्यांनी एकदाही तोंडातून शब्द काढला नाही.