खवल्यांसकट भाजलेले बोईट

दादाला मुंबईत नोकरी लागली आणि तिथल्या खानावळीच्या तेलानं त्याचं पोट पार बिघडलं. म्हणून मे महिन्यात तो दोन मित्रांना घेऊन रेवसला लाँचमधून उतरला, तेव्हा मी तळणाला हातच लावला नाही. खाडीतले ताजे बोईट आणवले, पोटं साफ करून आत मीठ चोळलं आणि परसात करवंट्यांच्या निखाऱ्यांवर खवल्यांसकट भाजले. खवले ठेवले की रस आतच राहतो आणि मग सालीबरोबर ते अलगद निघून येतात. हे मला लहानपणी दादानंच शिकवलं होतं.

ताट पाहून एका मित्रानं विचारलं, "हे काय, खवलेसुद्धा काढले नाहीत?"

दादा हसला. "आमच्या बहिणीला काही कळत नाही. मी असलं खात नाही," म्हणाला आणि ताट बाजूला सारलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ताट उचलून मी परसात चुलीपाशी नेऊन ठेवलं.

उन्हं कलल्यावर मित्र समुद्रावर गेले. दादा गुपचूप परसात आला, चुलीपाशी उकिडवा बसला आणि दोन बोईट काट्यापर्यंत चोखून खाल्ले. मग वास राहू नये म्हणून राखेनं बोटं घासली.

"आजून हाय का गं?"

आता बरी गावची भाषा आठवली! एकच उरला होता. त्यानं शिकवलं होतं तशीच अख्खी साल मी एका ओढीत काढली आणि तो मासा त्याच्या देखत मांजरापुढे ठेवला.