सासूबाईंची जास्वंद

दिंडोरीहून भाच्याचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. "मामी, आई गेली. चहा मागितला, कप हातात घेतला, आणि..." माझी नणंद, तुमच्या बाबांची आत्या, जाऊन आता दीड महिना झाला. इरा, अर्णव, तुम्ही त्यांना दोनदाच भेटलात, म्हणून हे नीट लिहून ठेवते आहे. मी त्यांना वन्सं म्हणत असे. त्या नाशिकच्या आमच्या बंगल्यात वाढल्या, अठराव्या वर्षी द्राक्षबागायतदारांच्या घरी दिंडोरीला गेल्या आणि वर्षभरात तिथल्यासारखं बोलायला लागल्या. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, पुढे तिथेच शिकवणारी, डब्याडब्यावर चिठ्ठी लावणारी. "वहिनींच्या घरात मीठसुद्धा रांगेत बसतं," असं त्या मुद्दाम पाहुण्यांसमोर म्हणायच्या.

पाच वर्षांपूर्वी बंगला पाडून तिथे इमारत करायचं ठरलं. कुंपणापाशी सासूबाईंनी लावलेली लाल जास्वंद होती, खोड मनगटाएवढं. इतकं जुनं झाड उपटून हलवलं तर जगेल, असं कोणीच म्हणेना. वन्संनी माहेरचं कधी काही मागितलं नव्हतं. कागदावर सही करून झाल्यावर मात्र हळूच म्हणाल्या, "घर जाऊ द्या, वहिनी. आईची जास्वंद तेवढी राहिली पाहिजे. तिच्या हातचं आता दुसरं काय उरलंय?" पाडकाम दिवाळीनंतर होतं, म्हणजे हातात एकच पावसाळा. मी ऐटीत सांगितलं, "काळजी करू नका, मी करते."

मी बागकामाचं पुस्तक काढलं, फांदीपासून नवं रोप करायचं ठरवलं. आषाढात पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब बारा काड्या कापल्या, पानं काढली, धुतल्या, वर्तमानपत्रावर जाडीप्रमाणे ओळीने मांडल्या आणि बारा कुंड्यांत खोचून तारखेच्या चिठ्ठ्या लावल्या. तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. एकीलाही अंकुर नाही... वन्सं आल्या, एक काडी उपटून डोळ्यांजवळ धरली आणि पायरीवर बसून हसायलाच लागल्या. "अहो वहिनी, ही तर शीर्षासन करतीय!" जाडीप्रमाणे लावण्याच्या नादात काडीचं वरचं टोक कुठलं आणि खालचं कुठलं, हे पाहायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. निम्म्या उलट्या होत्या. सुलट्या होत्या त्या पाण्याने कुजल्या होत्या. "पान गळल्याचा वण बघा. फुटीचा डोळा त्याच्या वर असतो. आमच्याकडं कोणीबी सांगंल." मी म्हटलं, "तुमच्याकडे द्राक्षं आहेत, वन्सं." "डोळा तो डोळाच!" मग उठल्या. झाडाच्या फांद्या चाचपून पाहिल्या. श्रावण लागला होता.

त्या दुपारी त्यांनी शिकवलं ते तुमच्यासाठी लिहिते. काडीला खाली तिरका काप द्यायचा, वर सरळ, म्हणजे माझ्यासारखी चूक होत नाही. शेंड्याची दोन पानं ठेवायची. निम्मी वाळू, निम्मी माती, सावलीची जागा. बोट खुपसून पाहायचं, कोरडं आलं तरच पाणी. मुळं धरली की मात्र भरपूर ऊन. फूल येतं ते नव्या फुटीवर, तेव्हा फांद्या छाटताना हात आखडायचा नाही. कळ्या धरल्या की कुंडी इकडून तिकडे हलवायची नाही, गळतात. तुमच्याकडे तिकडे परदेशात थंडी पडण्याआधी कुंडी घरात, खिडकीशी घ्या.

नव्या सहा काड्यांतली एकच जगली. दिवाळीनंतर बंगला पडला तेव्हा ती माझ्या मांडीवर, रिक्षात होती. आता ती आमच्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीत आहे. वन्संचा रोज फोन यायचा, पहिला प्रश्न ठरलेला, "आई कशी आहे?" मी सांगायची, "दोन कळ्या आहेत." मग त्यांच्या सुनेच्या तक्रारी, माझ्या गुडघ्याच्या तक्रारी...

तेराव्याला दिंडोरीला गेले. पंगती उठल्यावर भाचेसून म्हणाली, "मामी, जरा मागं या." विहिरीपलीकडे आठ जास्वंदी उभ्या होत्या, डोक्यापेक्षा उंच, लाल फुलांनी लगडलेल्या. मला काही कळेना. "त्या श्रावणातच फांद्या पिशवीत घालून आणल्या होत्या आईंनी," ती म्हणाली. "मला दम दिला होता, वहिनींना बोलायचं नाय, त्या लय मनाला लावून घेतात. त्यांची एक काय धड राहायची नाय. मेलीच तर गुपचूप नवी नेऊन ठेवू, त्यांना कळायचं पण नाय." आत गुरुजी बसलेले, माणसं बसलेली, आणि मी विहिरीमागे तोंडाला पदर लावून हसत होते. डोळ्यांतून पाणी येत नव्हतं, असं नाही.

माझी जास्वंद ठणठणीत आहे. परवा तिला एकदम तीन फुलं आली. भाचेसुनेला फोटो पाठवला, तर लगेच उत्तर आलं: "छान मामी. पण आमच्या आठ राहू द्या."