ठासणीच्या बंदुकीला लेझर

आमच्या घराण्याचा मान एका नारळावर टांगलेला होता आणि तो नारळ मला दिसत नव्हता.

म्हणजे अगदीच दिसत नव्हता असं नाही. होळीच्या शेंड्याला काहीतरी आहे, एवढं कळायचं. ते काहीतरी म्हणजे नारळ, कावळा की ढग, हे मात्र शेजाऱ्याला विचारून घ्यावं लागे.

आमच्या गावात शिमग्याच्या शेवटच्या दिवशी देवळासमोरच्या मांडावर, म्हणजे उत्सवाच्या पटांगणात, पोफळीच्या खोडाची उंच होळी उभी असते. तिच्या शेंड्याला नारळ बांधतात आणि तो बंदुकीच्या बाराने पाडायचा मान आमचा, म्हणजे मोठ्या घराचा. बार तीन. तिन्ही फुकट गेले तर पुढच्या वर्षापासून मान धाकट्या घराकडे. धाकटं घर म्हणजे माझा चुलतभाऊ दाजी. त्याच्या आणि माझ्या घरामध्ये फक्त एक दगडी गडगा आहे, आणि त्या गडग्यापलीकडे तीन पिढ्या हे लोक आमचा नेम चुकायची वाट बघत बसले होते. आजोबांचा चुकला नाही. वडिलांनी तर एका वर्षी अंगात ताप असताना, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून मांडावर येऊन, पहिल्याच बारात नारळ खाली आणला होता. जाताना त्यांनी माझ्याकडे दोन गोष्टी सोपवल्या. एक ती ठासणीची बंदूक (शेतीसंरक्षणाच्या परवान्याची, नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची) आणि दुसरा मधुमेह.

ही दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी हायस्कुलात चित्रकला शिकवत होतो. एकदा एका मुलीने काढलेल्या आंब्याला मी ‘केळं छान’ असा शेरा दिला, तेव्हा हेडमास्तरांनीच मला कुडाळला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पिटाळलं.

“दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे,” डॉक्टर म्हणाले. “ऑपरेशन करून टाकू.”

डोळ्यात सुरी! नुसत्या कल्पनेनेच मी खुर्चीतून अर्धा उठलो. “शिमगा होऊ दे, मग बघू,” म्हटलं. (तेव्हा दिवाळीचे कंदील लागत होते.)

घरी बायकोला, शालनला, हेच सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने मानही वर केली नाही.

“शिमगो झाल्यार डोळे करतलास. आणि शिमग्याचो नारळ कोणाच्या डोळ्यांनी बघतलास? माझ्या?”

 याचं उत्तर मला आंगणेवाडीच्या जत्रेत मिळालं. तिथे त्या वर्षी खेळण्यांच्या प्रत्येक दुकानात किल्ल्यांच्या जुडग्याला लावायचे लेझर आले होते. बोटाएवढी नळी, बटण दाबलं की लांबवर लाल ठिपका. माझ्याबरोबर बाबल होता. हा बाबल नाक्यावर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो, म्हणजे उघडून ठेवतो. त्याने तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात समोरच्या मंडपाच्या टोकावर तो ठिपका टाकला.

“आबा, ह्यो दिसता तुका?”

दिसला! मोतीबिंदूमुळे तो पुरणपोळीएवढा पसरलेला होता, पण दिसला! कित्येक महिन्यांत लांबची एखादी वस्तू मला कुणी न सांगता दिसली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“मगे झाला तर!” बाबल म्हणाला. “ह्येका बंदुकीच्या नळयेर बांधूया. जंय ठिपको, थंय बार! तुका नारळ बघूची गरजच नाय!”

आता एवढी साधी गोष्ट सरकारला आणि सैन्याला सुचली असेल, पण आमच्या गावात सुचलेली ही पहिलीच वेळ होती. बाबलने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आणि काळी चिकटपट्टी यांनी लेझर नळीखाली आवळून बसवलं आणि बटणाखाली लाकडाची चीप खोचली की ते चालूच राहील, अशी सोय केली. मी रोज तिन्हीसांजेला परसात उभा राहून रिकाम्या बंदुकीने माडांच्या शेंड्यांवर ठिपका टाकायचा सराव करू लागलो. उजेडी का नाही, तर दाजी बघेल म्हणून. नारळ पाडायला माणसाचे डोळे सोडून दुसरं काही वापरलं हे त्याला कळलं असतं, तर बार उडण्याआधीच मान गेला असता.

शालन विहिरीवर पाणी काढता काढता हे सगळं बघत होती.

“डोळ्यांक इलाज करूचो सोडून बंदुकीक चष्मो लावतास?”

“तुका नाय कळाचा ता,” मी म्हटलं.

कळलं ते दाजीच्या बायकोला. म्हणजे वेगळंच काहीतरी कळलं. एका संध्याकाळी सराव संपवून मी बंदूक सावकाश खाली घेतली. त्या वेळी ती माऊली गडग्यापलीकडे गाईला पाणी दाखवत होती. तिने पाहिलं, की माडाच्या शेंड्यावर एक लाल ठिपका आहे, तो खोडावरून सरसर उतरतोय, गोठ्याच्या कौलांवरून चालत येतोय आणि येऊन थेट गाईच्या कपाळावर बसलाय! तिने बादली टाकली आणि जी किंकाळी फोडली, ती बंदरापर्यंत गेली असणार.

दुसऱ्या दिवशी दुकानात, तिठ्यावर, मासळीच्या पाटीभोवती एकच विषय. गावाची राखण करणारा देवचार लाल डोळा करून फिरतोय! कुणाला तो काजूच्या बागेत दिसला (तिथे मी कधी गेलोच नव्हतो). कुणाच्या म्हाताऱ्याच्या तर तो उशाशी येऊन बसला होता. देवचार रागावलाय, शिमग्याच्या तोंडावर हे बरं नाही, यावर गावाचं एकमत झालं आणि देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरलं. मानकरी म्हणून मला पहिल्या रांगेत, गुरवाच्या शेजारी उभं केलं. माझ्या मागे बाबल, त्याच्या मागे दाजी.

गुरवाने नारळ हातात घेऊन सुरुवात केली. “बा देवा म्हाराजा! आज जो काय ह्यो लाल डोळो वाडयेत फिरता...”

“व्हय म्हाराजा!” सगळं देऊळ म्हणालं.

“तो देवचाराचो असात, तर तेका शांत कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि कोणा माणसान ही खोडी केली असात...”

मी देवाकडे बघायचं सोडून जमिनीकडे बघू लागलो.

“तर भर दुपारी तेच्या डोळ्यांफुडे काळोख कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मी ओरडलो. न ओरडून करतो काय? मानकऱ्याचा आवाज सगळ्यांत मोठा लागतो.

“आबा,” बाबल मागून कुजबुजला, “वायच हळू म्हण रे!”

त्याच वेळी सगळं कबूल करून टाकायला हवं होतं. पण वडिलांचा ताप आठवला, गडग्यापलीकडचा दाजी आठवला आणि मी ओंजळ पुढे करून तीर्थ प्यायलो.

शिमग्याचा शेवटचा दिवस उजाडला. मांडावर पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल वाजत होते, झाडाला बांधलेला भोंगा कोकलत होता. मी बंदूक पंच्यात गुंडाळून आणली होती आणि पंचा तसाच नळीवर ठेवून उभा राहिलो. (“पूजेची बंदूक,” मी विचारणाऱ्यांना सांगत होतो.) दारू ठासली, काथ्याचा बोळा घातला, छर्रे घातले. देवाचं नाव घेतलं, बंदूक वर केली आणि ठिपका शोधू लागलो.

ठिपका नव्हता.

होळीवर नव्हता, आभाळात नव्हता, कुठेच नव्हता. डोक्यावर चैत्राच्या तोंडाचं ऊन नुसतं ओतत होतं.

“बाबल,” मी ओठ न हलवता म्हटलं, “ठिपको खंय गेलो?”

“उन्हात दिसाचो नाय वाटता.”

“वाटता? आता वाटता?”

“माका काय म्हायत? मी तरी खंय उन्हात लावन बघितलंय!”

गुरवाचं गाऱ्हाणं इतक्या तत्परतेने फळाला आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. लोक ओरडू लागले, “मार रे आबा, मार!” मी जिथे नारळ असावा असं वाटलं तिथे नळी धरली आणि चाप ओढला.

बार असा दणकला की मी दोन पावलं मागे गेलो. ट्यूबची पट्टी तुटली, पंचा उडाला आणि लेझर गरगरत जाऊन मंडपाच्या गर्द सावलीत, नैवेद्याच्या पानाशेजारी पडलं. चालूच! त्याचा ठिपका नेमका गुरवाच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर, पोटाच्या जागी बसला.

“लाल डोळो!” दाजीची बायको ओरडली. “ह्योच तो! ह्योच माझ्या गायच्या कपळार होतो!”

गुरव जो उडाला तो ढोलावर जाऊन बसला. पोरीबाळी पळाल्या. दाजी मात्र शांतपणे पुढे गेला, ती नळी उचलली, उलटीसुलटी केली, मागचं बूच फिरवून उघडलं आणि आतलं सगळ्यांना दाखवलं.

“बघा रे गावकाऱ्यांनो! आमच्या देवचाराक सेल घालूचे लागतत!”

अख्खा मांड हसला. ढोलावर बसलेला गुरव तेवढा हसला नाही. तो उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, “आबा, अजून दोन बार आसत. आता आपल्या डोळ्यांनी मार.”

मी पुन्हा दारू ठासली. ठासणीच्या बंदुकीचं हेच वाईट. एक बार भरेपर्यंत माणसाला लाजेने मरायला भरपूर वेळ मिळतो. या वेळी वर पाहिलं तर मला दोन नारळ दिसत होते. मी उजवा निवडला. बार उडाला आणि भोंगा एकदम गप्प झाला, त्याची वायर तुटून खाली लोंबत होती. तिसऱ्या बाराच्या वेळी डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे तीन नारळ दिसले. मी विचार करून मधला निवडला.

बाराचा धूर विरला. नारळ जिथल्या तिथे होता. मग कुणीतरी आकडी बांधलेली लांब काठी आणली आणि आमच्या घराचा नारळ फणस काढतात तसा काढला. मला तिथल्या तिथे जमिनीने गिळलं असतं तर बरं झालं असतं. वडील असते तर नुसते उठून घरी गेले असते, आणि ते मला सगळ्यांत जास्त लागलं असतं.

दाजी जवळ आला. वाटलं, आता हा हसणार. तीन पिढ्यांचं हसणार. त्याने माझ्या हातातली बंदूक घेतली, आपल्या खांद्याला लावली आणि म्हणाला, “चल आबा, घराक जावया. ऊन लागात तुका.” हसला असता तर सोसलं असतं हो!

पावसाळ्यात मी आपल्या पायांनी कुडाळला गेलो. डॉक्टरांनी मला ओळखलं. “झाला का शिमगा?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “झाला. जोरात झाला.” पुढे दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. ज्या सुरीच्या भीतीने मी घराण्याचा मान घालवला, ती मला दिसलीसुद्धा नाही.

पुढच्या शिमग्याला मी मांडावर गेलो, ते उघड उघड एका आशेने. दाजीचे तिन्ही बार फुकट गेले, तर मान पुन्हा आमच्याकडे! आणि माझे डोळे तर आता असे झाले होते, की पोफळीच्या शेंड्यावर चालणारी मुंगी मोजून द्यावी. मला सगळं दिसत होतं. गुरवाच्या हनुवटीवरचे राहिलेले दोन केस दिसत होते. दाजीच्या कपाळावरचा घाम दिसत होता. ते बघून माझ्या मनात (देवा, क्षमा कर) उकळ्या फुटू लागल्या.

दाजीने चाप ओढला. पहिल्याच बारात नारळ फुटला. पाणी उडालं, करवंटीचे तुकडे उन्हात चमकत खाली आले, मी एकेक तुकडा शेवटपर्यंत पाहिला. एकही चुकला नाही माझ्या नजरेतून. गावाने दाजीला उचलून घेतलं.

शालनने मला कोपराने ढोसलं. “नारळ दिसलो मां आता नीट?”

“दिसलो गो,” मी म्हटलं. “वायच कमी दिसलो असतो, तरी चलला असता!”