आलात कशा?

आमच्या डॉक्टरीणबाई नाडीवर बोट ठेवण्याआधी विचारायच्या, "आलात कशा?" चालत, बैलगाडीनं की रेल्वेनं, सोबत कोण, घरी मुलांना कुणी सांभाळलं, हे सगळं ऐकून मग दुखण्याकडे वळायच्या. कल्याणच्या त्या सूतिकागृहात मी नर्स होते. रांग वाढली की माझी चुळबुळ सुरू व्हायची. त्या म्हणायच्या, "सिस्टर, दुखणं पोटात असतं, पण अडचण वाटेत असते."

बाई ठाण्याच्या नौपाड्यातल्या, सुखवस्तू घरातल्या, मुंबईत शिकलेल्या. नुकतंच स्वातंत्र्य मिळालं होतं, स्वतःचा दवाखाना सहज चालला असता. पण बाईंना संशोधनाचा नाद. खडवलीकडच्या बाया अडल्या तरी आमच्याकडे का येत नाहीत, घरीच जीव का गमावतात, हा त्यांचा विषय. सूतिकागृहाचे अध्यक्ष म्हणत, "अज्ञान, दुसरं काय!" बाई म्हणत, "असेल. पण विचारून तर बघू."

रविवारी आम्ही दोघी खडवलीला जायचो. बाई ओसरीवर बसून बायांबरोबर वालाच्या शेंगा सोलायच्या. पेन्सिल पिशवीतच. "कागद काढला की बाया माझ्याशी नाही, सरकारशी बोलतात."

तिथे ठकी भेटली. पहिलं मूल घरीच अडून गेलेलं, आता पुन्हा दिवस भरत आलेले. "या वेळी आमच्याकडे ये गं," बाई म्हणाल्या. उत्तर सासूनं दिलं, "तुमच्यात मला फाटकाशीच अडवतात. पोरीनं परक्या माणसांत एकटीनं कण्हायचं? तिचा हात कोन धरील?"

परतताना बाई लहान मुलीसारख्या खुशीत होत्या. "सिस्टर, सापडलं!" मग आसपासच्या गावांत विचारत फिरल्या. बहुतेक घरांत तेच उत्तर.

बाळंतिणीच्या सोबतिणीला आत येऊ द्या म्हटल्यावर अध्यक्ष हबकले. "एकीला आत घेतलं तर उद्या गाव आत येईल!"

"गाव नको. प्रत्येकीबरोबर एक बाई, तिच्या भरवशाची."

शेवटी, "बघा करून," असं ते पुटपुटले.

ठकी बैलगाडीतून आली. बरोबर सासू, आणि सासूच्या काखेत बाळंतिणीच्या रश्श्यासाठी कोंबडी. कोंबडी हातातून निसटली आणि व्हरांडाभर धावली. मेट्रन मागे. कळा देता देता ठकी खदखदून हसली. बाई म्हणाल्या, "हसू दे, हसू दे!"

मुलगी झाली आणि रक्त थांबेना. बाईंचे हात झपाझप चालत होते, मी इंजेक्शन भरत होते. सासूनं ठकीचा हात गच्च धरला होता. "ठके, माझ्याकडं बघ. डोळे मिटू नको!" हळूहळू रक्त थांबलं. बाई तिथंच फरशीवर बसल्या आणि पदरानं डोळे पुसत हसू लागल्या.

त्यानंतर आमच्या फाटकाशी बैलगाड्या दिसू लागल्या. ठाण्यातल्या एका प्रसूतिगृहानंही ती सोय केली. मग बाईंना दुसऱ्या जिल्ह्यातून बोलावणं आलं.

निरोप समारंभाला अध्यक्ष लिहून आणलेलं भाषण घेऊन उभे राहिले. तेवढ्यात खडवलीच्या बाया सरळ आत आल्या आणि पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांवर ऐसपैस बसल्या. ठकी मात्र व्यासपीठावर चढली. कडेवरची मुलगी अध्यक्षांच्या हातात देत म्हणाली, "जरा धरा," आणि तिनं बाईंना कडकडून मिठी मारली.

भाषण राहिलंच. मुलगी चष्मा ओढत होती आणि अध्यक्ष, किती सांभाळून, तिला जोजवत होते.