टेकलेली घरं

कराडहून कोयनानगरला निघालेल्या एसटीत माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. उमेदीची वर्षं त्यांनी मालवाहू जहाजावर सुतारकाम केलेलं. दवाखान्यातून घरी सोडलेली बायको त्यांच्या खांद्यावर झोपली होती. खांदा न हलवता, दोन्ही पंजे एकमेकांना टेकवून त्यांनी मला नॉर्वेतल्या एका बंदरावरची जुनी लाकडी घरं दाखवली.

"कितींदा जळाली, तरी त्याच जागी, त्याच मापानं बांधल्यात. आता लय वाकल्यात, पर एकमेकांला टेकून उभी हायत."

त्यांचा फाटा आला. कंडक्टरनं हाक मारली, तर यांनी ओठांवर बोट ठेवलं. गाडी पुढं निघाली.

"आवं, फाटा मागं राहिला की!" मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या. चार दिसांनी डोळा लागलाय तिचा. ह्याच गाडीनं माघारी येऊ."