सात नावं

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या एका छोट्या नौदल संग्रहालयात एक मराठी बाई आठवड्यातून दोनदा गाइड म्हणून येतात. निवृत्त नर्स, जन्म लंडनमधल्या वेम्बलीचा. घरी पाहुणे आले की मी त्यांना हटकून तिथे नेतो. मराठी बोलताना त्या बिनधास्त चुकतात. "तो बोट उलटला," म्हणतात, आणि कुणी हसलं तर स्वतःही हसतात.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका अ‍ॅडमिरलच्या तैलचित्रापाशी त्या रमतात. तेराव्या वर्षी नौदलात, तिशीत कॅप्टन, शेवटी 'सर'. हे सगळं त्या भराभर सांगतात. मग आवाज संथ होतो. कॅप्टन असताना त्याने वादळात होडी उतरवायचा हट्ट धरला आणि सात जण बुडाले. त्या सातांची नावं त्यांना पाठ आहेत. तिघे खलाशी आपल्या कोकणातले.

गेल्या शनिवारी मी तिथे असताना त्या अ‍ॅडमिरलचे पणतू आले होते, ऐंशीच्या घरातले. बाईंनी इंग्रजीत सांगितलेलं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "चाळीस वर्षांच्या नोकरीतला एक दिवस! तेवढा गाळता नाही येणार?"

"नाही, सर," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्यांचं एकही पदक मी गाळलं नाही. ही नावंही गाळणार नाही."

आणि त्यांनी सातही नावं पुन्हा म्हटली. म्हातारबुवा चित्राकडे वळले. मग त्यांनी टोपी काढली.

"शेवटचं नाव परत सांगाल?" त्यांनी विचारलं. "मला नीट म्हणायचंय."

बाईंनी ते कोकणातलं नाव तोडून तोडून सांगितलं. चौथ्या खेपेला म्हातारबुवांना जमलं.