जपानी साहेबासाठी पाठ केलेलं गाणं

वांगं भाजल्याचा वास आला की मला अजून ते जेवण आठवतं बघा. नव्वदच्या आसपासची, जळगावची गोष्ट. ह्यांच्या पाइपच्या कारखान्यात मशीन बसवायला जपानी साहेब आला होता, आणि शिकायला जपानला कोण जाणार ते तोच ठरवणार होता. तिकडे म्हणे काम संपलं की पुरुषमाणसं माइक धरून, नुसत्या वाजणाऱ्या संगीतावर गातात. म्हणून ह्यांनी कॅसेट मिळवली आणि तिकडच्या पुरुषांचं एक आवडतं गाणं, अर्थ न कळता, महिनाभर घोकलं. साहेब आमच्याकडे भरीत-पुरी जेवायला बसला, ह्यांनी गाणं सुरू केलं, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! मी दारातूनच म्हटलं, "अहो, थांबा! गेलं तुमचं जपान!" सासूबाई तांब्या घेऊन धावल्या, "तुले सांगेल व्हतं ना, मिरच्या कमी टाक!" तेवढ्यात सोबतचा दुभाषी म्हणाला, "मिरची नाही हो, वहिनी. गाण्यातल्या माणसाला परगावी आईची आठवण येते." साहेबाने तेच गाणं पुन्हा म्हणायला लावलं. ह्यांचं नाव यादीत गेलं, आम्ही पेढे वाटले. आता मात्र चुटपुट लागते. कोपऱ्यावरच फोनचं बूथ होतं, पण घरी बोलायचंय का, असं त्याला आमच्यातल्या एकानेही विचारलं नाही.